झाकण

परवा दुपारी जेवणानंतर लोणच्याच्या बरणीचे झाकण सापडेना. बरणी उघडी ठेवून वामकुक्षीला जाणे मला जमत नाही, त्यामुळे ओट्याखाली वाकून झाले, डब्यांच्या मागे हात घालून झाला, शेवटी फ्रिजही पुढे ओढला. आणि त्या शोधाशोधीत मला एकाएकी शिकागोची पाणबुडी आठवली.

झाकणांचे हे वेड आजीकडून आले. रात्री निजानीज झाल्यावर ती अंधारातून विचारायची, "पिंपावर ताटली ठेवलीस का रे?" मी झोपेतच हो म्हणायचो. तिचा विश्वास बसत नसे, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून पितळी ताटली पिंपावर टेकल्याचा आवाज येई. त्या आवाजानंतर मला गाढ झोप लागे.

शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात 'यू-505' ही जर्मन पाणबुडी ठेवलेली आहे. हँबुर्गला बांधलेली, सुमारे 77 मीटर लांबीची ही बोट ऑगस्ट 1941 मध्ये नौदलात दाखल झाली. सुरुवातीला तिने आठ जहाजे बुडवली, पण नंतर ती पांढऱ्या पायाचीच ठरली. जुलै 1942 मध्ये तिच्या कप्तानाने कॅरिबियन समुद्रात कोलंबियाचे एक शिडाचे जहाज तोफेने बुडवले आणि तेव्हापासून ग्रह फिरले, असे तिचे खलाशी मानत. त्याच नोव्हेंबरात त्रिनिदादजवळ एका ब्रिटिश विमानाने इतक्या खाली येऊन तिच्यावर बाँब टाकला की त्या स्फोटात विमानही कोसळले; बोट मात्र मोडक्या अंगाने फ्रान्सच्या लोरियाँ बंदरात परतली. दुरुस्तीला महिने लागले, आणि गोदीतल्या फ्रेंच कामगारांनी ती करताना मुद्दाम खोड्या करून ठेवल्या, म्हणून बोट बाहेर पडायची आणि काहीतरी बिघडून परत यायची. ऑक्टोबर 1943 मध्ये, पाण्याखाली आजूबाजूला बाँब फुटत असताना, पेटर झेख या तिच्या दुसऱ्या कप्तानाने बोटीतच स्वतःवर गोळी झाडून घेतली.

माझा जीव अडकला आहे तो 4 जून 1944 च्या सकाळी. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर, कॅप्टन डॅनियल गॅलरी यांच्या अमेरिकन ताफ्याने तिला गाठून पाण्यावर यायला भाग पाडले. बोट शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जर्मन खलाशांनी समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या गाळणीचे झाकण काढले आणि समुद्रात उड्या टाकल्या. सुकाणू अडकल्यामुळे रिकामी बोट पाण्यात गोल गोल फिरत होती. लेफ्टनंट अल्बर्ट डेव्हिड आपल्या मूठभर माणसांसह, आत सुरुंग लावलेले असणार हे गृहीत धरूनच, त्या बुडत्या बोटीत उतरला. त्यांच्यातल्या झेनॉन लुकोसियस नावाच्या यंत्रकामगाराला पाण्याची ती जाडजूड धार दिसली, आणि धारेच्या जवळच पडलेले झाकणही दिसले. त्याने ते उचलून जागेवर बसवले आणि आवळले. बोट वाचली. तिच्यातून सांकेतिक संदेशांची यंत्रे आणि पुस्तके हाती आली, डेव्हिडला सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झाले, आणि ते गळ्यात पडण्याआधीच तो वारला. पण मला राहून राहून वाटते ते एवढेच, की झाकण काढणाऱ्याने ते सोबत घेऊन उडी मारली असती तर?

ते झाकण आपणच काढले, असे हान्स गोबेलर या खलाशाने पुढे लिहून ठेवले आहे. युद्धानंतर अनेक वर्षांनी, उतारवयात, तो अमेरिकेतच स्थायिक झाला.

बोट पकडल्याचे जर्मनांना कळले असते तर त्यांनी सांकेतिक भाषा बदलली असती, म्हणून ताफ्यातल्या सुमारे 3,000 खलाशांना मौनाची शपथ घालण्यात आली. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि ती खरोखरच युद्ध संपेपर्यंत झाकलेली राहिली. युद्धानंतर बोट अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या गोदीत गंजत पडली होती आणि नौदल तिला निशाणेबाजीत बुडवायला निघाले होते. गॅलरींनी आणि शिकागोकरांनी ती मागून घेतली. सप्टेंबर 1954 मध्ये एका रात्री सरोवराकाठचा हमरस्ता बंद करून तिला ओढत पलीकडे नेले. आतले बरेच सामान नौदलाने काढून घेतलेले होते. ते भाग मूळच्या जर्मन कारखान्यांनी विनामूल्य पाठवून दिले, कारण पाहायला ठेवायचीच असेल तर ती नीटनेटकी दिसावी! हा टापटिपीचा अभिमान मला फार आवडला. पुढे पन्नास वर्षे ती शिकागोच्या बर्फात उघड्यावर होती. 2004 मध्ये तिला जमिनीखालच्या दालनात हलवले, तेव्हा कुठे तिच्यावर झाकण आले.

ते दालन मी भाच्याबरोबर पाहिले. आत वाकून चालावे लागते, झोपायच्या बंकांमधून माणूस आडवाच सरकतो. बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, चला आता, कॉफी घेऊ." मी मात्र फलकाशी उभा राहून पकडल्या गेलेल्या जर्मन खलाशांविषयी वाचत होतो. बोटीवरच्या 59 पैकी एकजण त्या सकाळीच मेला. बाकीच्या 58 जणांना गुपितापायी लुइझियानातल्या एका छावणीत इतरांपासून वेगळे ठेवले, आणि घरी पत्र पाठवू दिले नाही. जर्मन नौदलाने त्यांना मृत ठरवून घरच्यांना तसे कळवले. ते 1947 मध्ये परत गेले. म्हणजे त्यांच्यापैकी कुणाची तरी आई मुलगा गेला असे समजून कितीएक दिवस एक ताट कमी वाढत असेल, आणि मुलगा मात्र समुद्रापलीकडे जेवत असेल.

बरणीवर सध्या बशी ठेवली आहे.