पोर्शे दुरुस्त करतो, वॅगन आर चालवतो

‘दिवसभर पोर्शेवर काम करता आणि घरी जायला तीच जुनी वॅगन आर. मन कसं रमतं हो तिच्यात?’ वर्कशॉपवर येणारे विचारतात, सोसायटीतले विचारतात, लग्नात भेटलेले पाहुणेही विचारतात. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

मी पुण्यात परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काम करतोय. पोर्शेची ९११ कॅरेरा, आमच्या बोलीत नाइन-इलेव्हन, आत आली की अजूनही हात पुसून मगच तिच्याजवळ जातो. २९८१ सीसीचं इंजिन, सहा सिलिंडर, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला आडवे झोपवलेले, शिवाय इंजिनात हवा दाबून भरणारे दोन टर्बो. ३८५ हॉर्सपॉवर. माझ्या २०१२ च्या वॅगन आरला ९९८ सीसी, तीन सिलिंडर आणि ६८ हॉर्सपॉवर. पोर्शेचा मागचा टायर २९५ मिलिमीटर रुंद, माझा १५५.

काम झालं की ट्रायल घ्यावी लागते. पहाटे बायपास मोकळा असतो. पाय दाबला की पाठ सीटला चिकटते, पोटात गोळा येतो आणि मागून इंजिनाचा आवाज चढत जातो. त्या आवाजासाठी मी आयुष्यभर हे काम करेन. पण दोन श्वास घेईपर्यंत काटा ८० वर गेलेला असतो आणि पाय उचलावा लागतो. ही गाडी २९० च्या पुढे जाते. आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाट रस्त्यालाही मर्यादा १०० ची. म्हणजे तिच्या अंगातलं बळ जवळजवळ कायम झोपलेलंच राहतं, आणि त्या झोपलेल्या बळाला पेट्रोल मात्र लागतं.

ते का लागतं, हे सांगायला मला फार आवडतं. कर्वे रोडच्या गर्दीत मोठं इंजिन आपल्या ताकदीच्या इवल्याशा भागावर चालतं. हवेची झडप जवळपास मिटलेली, आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची मेहनत वाया जाते. लहान इंजिनाला तेवढ्याच कामासाठी झडप जास्त उघडावी लागते, म्हणून ते मोकळा श्वास घेतं. दुसरं कारण वजन. पोर्शे दीड टनाची, माझी गाडी ९०० किलोच्या आत. प्रत्येक सिग्नलला जे वजन पळवलं, तेच ब्रेकला घासून थांबवायचं. त्यात जाळलेलं पेट्रोल ब्रेकच्या डिस्कवर नुसती उष्णता होऊन उडतं. मी टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब वहीत ठेवतो. शहरात मला लिटरला १५-१६ मिळतात. आमच्याकडे येणारे नाइन-इलेव्हनचे मालक ६-७ सांगतात.

आणि दुरुस्ती! माझ्या गाडीचे तीन स्पार्क प्लग मी रविवारी चहा निवायच्या आत बदलतो. बॉनेट उघडलं की समोरच असतात. नाइन-इलेव्हनचे सहा प्लग इंजिनाच्या दोन्ही कुशींत खाली दडलेले. मागचा बंपर उतरवल्याशिवाय तिथे हात नीट पोचत नाही. तो बंपर उतरवताना मी दर वेळी खाली जाड चादर अंथरतो. एक ओरखडा पडला तरी माझ्या पोटात कालवतं.

तरीही या दोन गाड्यांना मी वेगळ्या जातीच्या मानत नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी सामान्य माणसाला परवडावी म्हणून फोक्सवॅगनची बीटल घडवली, इंजिन मागे ठेवून. १९४८ साली त्यांच्या मुलाच्या देखरेखीखाली पहिली पोर्शे ३५६ ऑस्ट्रियात तयार झाली, ती बीटलचेच बरेचसे भाग वापरून. १९६३ ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेली नाइन-इलेव्हन त्याच वंशातली. तिचं इंजिन आजही मागेच आहे. ज्या घरातून स्वस्तातली गाडी आली, त्याच घरातून ही आली, हे मला मनापासून आवडतं. वेग काढायला जेवढं डोकं लागतं, तेवढंच एक-एक थेंब वाचवायला लागतं. दुसऱ्या प्रकारच्या डोक्याला लोक टाळ्या वाजवत नाहीत, एवढंच.

पावसाळ्यात आम्ही ताम्हिणीमार्गे माणगावला जातो. आईचे गुडघे दुखतात. पोर्शेच्या सीटवर बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं. तिला ते जमणार नाही. वॅगन आरचं दार उघडलं की सीट कमरेच्या उंचीला, ती नुसती टेकते आणि पाय आत घेते. चढ लागला की एसी बंद करतो, काचा खाली, गिअर दुसरा. धुक्यात समोरचं वळण दिसेनासं होतं, तीन सिलिंडर घुमू लागतात आणि आता त्या ६८ मधला एकही घोडा रिकामा नाही, हे मला पायाला कळतं. आई मागच्या सीटवरून डबा पुढे करते आणि म्हणते, ‘पुढे धबधब्यापाशी थांब रे, खाऊन घेऊ.’