हातखंब्याला एकदाचे वळलो

आमचं गाव राजापूरकडे, त्यामुळे मुंबईहून गावी जाताना हातखंब्याचा तिठा माझ्या जन्मापासून बघतेय, पण उजवीकडे रत्नागिरी असं वाचायचं आणि सरळ पुढे निघून जायचं हेच आमच्या नशिबी. बाबांचं ठरलेलं वाक्य, "शहरात काय बघायचंय?" यावेळी गाडी मी चालवत होते, त्यामुळे मे महिन्यात सकाळी सातला मी सरळ इंडिकेटर दिला आणि वळले. आई मागे झोपली होती, बाबांना कळेपर्यंत आम्ही कुवारबाव क्रॉस केलं होतं.

घावणे-चटणी खाऊन आधी रत्नदुर्ग, म्हणजे ज्याला सगळे भगवती किल्ला म्हणतात तो. घोड्याच्या नालेसारखा पसरलाय, तीन बाजूंना समुद्र, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आणि एका टोकाच्या टेकाडावर दीपगृह. साडेआठ वाजले होते आणि तेवढ्यातच फरशी अशी तापली होती की देवळातून बाहेर पडून चपलांपर्यंत आई अक्षरशः नाचत गेली. वरून मिरकरवाडा बंदर दिसतं, रंगीबेरंगी ट्रॉलर एकमेकांना चिकटून उभे, आणि वारा तिकडून आला की सुक्या मासळीचा वास थेट डोक्यात. मला आवडतो, आईने पदर नाकाला लावला. किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र, पाणी तेच हो, वाळूचा रंग वेगळा. एवढ्या जवळजवळ दोन रंग कसे काय हे मी बाबांना विचारलं तर म्हणाले "कोकण आहे ते", झालं उत्तर.

टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर बघितलं, आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो गारवा, कौलारू घरं ही काय चीज आहे ते मे महिन्यातच कळतं. तिथून पतितपावन मंदिर, १९३१ सालचं, सावरकर इथे स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीरांनी पैसा घालून बांधलेलं, सगळ्या जातींना दार उघडं ठेवायचं म्हणून. तिथे पाच मिनिटंच थांबलो, खरं सांगते, उन्हाने डोकं चालेना.

आणि मग ज्यासाठी मी मुळात वळले होते तो थिबा राजवाडा. बाहेरून बघितलं तर ब्रिटिशांच्या काळातलं एखादं मोठं सरकारी ऑफिस वाटेल असा, लालसर रंग, उतरती छपरं, पण खिडक्या मात्र वेगळ्याच, अर्धगोल, लाकडी, कोरीव. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ ला इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला राणीसकट उचलून आधी मद्रासला आणि मग १८८६ ला इथे आणून ठेवलं. आता गंमत बघा, हा राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं आणि १९१६ ला राजा गेला. म्हणजे तीस वर्षं रत्नागिरीत काढली आणि राजवाडा जेमतेम पाच-सहा वर्षं वाट्याला आला. बाकीची वर्षं भाड्याच्या घरात असल्यासारखी बंगल्यात. बाबा, ज्यांना शहरात काही बघायचं नव्हतं, ते इथे तासभर हललेच नाहीत. "आपला बहादूरशहा रंगूनला पाठवला आणि त्यांचा राजा आपल्याकडे. इंग्रज डोक्याने पक्के," असं तीन वेळा बोलून झालं.

वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीत मी उभी राहिले. लाकूड हाताला गरम लागत होतं, खाली माडांचे शेंडे, त्यांच्या पलीकडे भाट्याची खाडी आणि मग समुद्र. त्याचा देश पूर्वेला आणि खिडकीतून दिसणार पश्चिम, रोज संध्याकाळी. मी सकाळपासून चार तासांत उन्हाला दहा शिव्या घातल्या होत्या आणि हा माणूस तीस मे महिने इथे बसला. त्याची थोरली मुलगी इथल्याच एका सावंतांच्या प्रेमात पडली, त्यांची मुलगी टुटू रत्नागिरीतच राहिली, इथलीच होऊन गेली. तिच्याबद्दल आईने जास्त विचारलं, राजापेक्षा.

जेवण एका खानावळीत, नाव नाही सांगत कारण सुरमई म्हणून जे आलं ते सुरमई नव्हतं, आणि आईला मासा फसवणं म्हणजे सोनाराला पितळ विकणं. पण सोलकढी अशी होती की मी तीन वाट्या प्यायले, त्यामुळे भांडण झालं नाही. मग दुपारी एक ते चार काय करायचं? काही नाही. अर्धा बाजार शटर ओढून झोपलेला. आम्हीही भाट्याच्या सुरूच्या बनात चादर टाकून आडवे झालो, बाबांच्या घोरण्याला समुद्राची साथ. मला वाटतं अख्ख्या दिवसातला बेस्ट स्पॉट हाच, आणि याचं तिकीटही नाही.

उठल्यावर आंबे. रस्त्याकडेला एक मावशी पेटी उघडून बसलेल्या, भाव ऐकून आई म्हणाली "आमच्या गावाला झाडाला लागतात", त्यावर मावशी शांतपणे "मग गावालाच जायचं होतंत की, इथे कशाला थांबलात?" एक डझन घेतले मुकाट.

सूर्यास्त मांडवीला. काळ्या वाळूवर पोरांचं क्रिकेट, भेळवाल्यांच्या गाड्या, जेट्टीवर गळ टाकून बसलेले दोघं-तिघं, ज्यांना बहुतेक मासा मिळण्याशी काही देणंघेणं नव्हतं. भेळेत कैरी सढळ हाताने घातलेली.

पुढे हायवेने जाण्यापेक्षा पावस-आडिवऱ्याच्या रस्त्याने गाव गाठायचं ठरलं. भाट्याच्या पुलावर आलो तेव्हा अंधार पडत होता, बाबा म्हणाले जरा हळू घे, आणि काच खाली करून मागे वळून टेकडीकडे बघत राहिले. राजवाडा काही दिसत नव्हता तिथून, नुसते दिवे. मागून आई म्हणाली काच लावा, डास येतायत.