रात्रीत उतरलेला ताण

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. पावसाळाभर किनाऱ्यावर ठेवलेली २४ फुटी शिडाची होडी नुकतीच पाण्यात उतरून गेटवेसमोर मूरिंगवर उभी राहिली होती. मालकांची तक्रार एकच होती. वारा डावीकडून असला की होडी झकास जाते. उजवीकडून आला की डोलकाठीचा शेंडा डावीकडे झुकतो, पुढच्या शिडाची कड पोटाळते आणि होडी वाऱ्याच्या जवळून जातच नाही. "उजवी तार जरा आवळून द्या. मी आवळतो, पण पुन्हा सैल पडते," असं ते फोनवर म्हणाले. या वाक्यातला दुसरा भाग मी तेव्हाच नीट ऐकायला हवा होता.

रिग, म्हणजे डोलकाठी आणि तिला धरणाऱ्या तारा, साधंच: मागे कललेल्या स्प्रेडरची, म्हणजे तारा बाहेर ढकलणाऱ्या आडव्या काठ्यांची, एक जोडी; वरचे श्राउड, म्हणजे बाजूच्या तारा, ५ मिमी जाडीच्या, १९ सळ्यांच्या पिळाच्या स्टेनलेस तारेचे, खालचेही तसेच. पुढची तार फोरस्टे, मागची, कप्पीने ताणायची, बॅकस्टे. चढल्याबरोबर डोळ्यांत भरले ते टर्नबकल, म्हणजे तार आवळायचे दुतोंडी स्क्रू. उजव्यात दोन्ही स्क्रूंची टोकं मधोमध जवळजवळ भेटली होती, डाव्यात त्यांच्यात चांगलं बोटभर अंतर होतं. मेनशिडाच्या हॅलियार्डला, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीला, स्टीलची टेप बांधून शेंड्यापासून दोन्ही काठांवरच्या समान खुणांपर्यंत मोजलं, तर उजवीकडे २२ मिमी जास्त भरलं. म्हणजे एवढं आवळूनही शेंडा डावीकडेच. तारा कापतानाच लांबीत फरक राहिला असेल असं मी धरलं. असं होतं, त्यामुळे अंदाज वावगा नव्हता; इथे मात्र तो चुकला.

बॅकस्टे सोडला, सगळ्या तारा सैल केल्या आणि आट्यांना लॅनोलिनचं वंगण लावलं. स्टेनलेसचे कोरडे आटे ताणाखाली फिरवले की एकमेकांना धरतात आणि मग टर्नबकल कापूनच काढावं लागतं. आधी हाताने घट्ट करून डोलकाठी मध्यावर आणली. पुढे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे दोन-दोन फेरे.

ताण मोजायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. सुताराकडची २ मीटरची घडीची पट्टी पुरते. तार हाताने घट्ट असताना पट्टी तिला लगटून उभी धरायची, खालचं टोक तारेच्या दाबलेल्या टर्मिनलवर टेकवायचं आणि वरचं टोक चिकटपट्टीने करकचून बांधायचं. तार ताणली गेली की पट्टीचं खालचं टोक टर्मिनलवरून उचललं जातं. या प्रकारच्या तारेत २ मीटरमागे १ मिमी फट म्हणजे तार तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण. अशा रिगला वरच्या श्राउडमध्ये १५ टक्के हवेत, म्हणजे फट ३ मिमी. ५ मिमीची तार साधारण २,००० किलोला तुटते, तेव्हा हा ताण ३०० किलोच्या आसपास. फट बघायला मी ड्रिल बिटचे गुळगुळीत दांडे वापरतो: २, २.५ आणि ३ मिमीचे. डोळ्याच्या अंदाजावर इथे भरवसा ठेवू नये, कारण अर्ध्या मिमीत ५० किलो जातात.

फेऱ्यांचाही हिशेब ठेवायचा असतो. या टर्नबकलला इंचाला २४ आटे होते; एका पूर्ण फेऱ्यात वरचा-खालचा स्क्रू मिळून २.१ मिमी आत येतात. साडेआठ मीटरची तार १५ टक्क्यांना पावणेतेरा मिमी लांबते, म्हणजे सहा फेरे. डोलकाठी दबते, थोडी वाकते, त्याचे आणखी दोन. डावीकडे बरोबर ८ लागले. उजवीकडे, शेंडा मध्यावर ठेवायला, १० लागले. दोन फेरे, चार मिमी. वहीत मांडले आणि कामाच्या भरात पुढे गेलो.

डोलकाठीच्या मागच्या खाचेतून नजर लावून खालच्या श्राउडनी ती सरळ केली, दोन्ही बाजूंना ३ मिमीचा दांडा जेमतेम शिरला, पिना घातल्या. पट्ट्या तशाच ठेवल्या आणि वरच्या टोकाशी तारेवर खूण केली. दुसऱ्या दिवशी दुपारी वायव्येचा वारा धरला की शिडाखाली तपासणी करायची होती: होडी २० अंश कलली असताना वाऱ्याआडची तार लोंबू नये.

सकाळी पोचलो तर ३ चा दांडा जाईना, २.५ चाही अडला. २ चा सैल गेला. खुणा जागच्या जागी होत्या. दोन्ही बाजूंचा ताण १२ टक्क्यांवर आला होता.

सोबतचा खलाशी म्हणाला, "साहेब, रात्री गार पडलं ना, म्हणून असेल." कल्पना खोटी नाही. ॲल्युमिनियमची डोलकाठी थंडीत स्टीलच्या तारेपेक्षा जास्त आखडते. पण साडेआठ मीटरवर, १० अंशांच्या फरकाला, तो फरक अर्धा-पाऊण मिमी. त्याने १५ चे १४ होतील, १२ नाही. तारही नवी नव्हती, तिसरा हंगाम चालू होता. पीळ बसून लांबण्याचे तिचे दिवस केव्हाच संपले होते.

दोन्हीकडे सारखाच ताण उतरला म्हणून दोष दोन्हीकडे, असं मानणं ही इथली नेहमीची फसगत. डोलकाठीचा शेंडा मोकळा असतो. एका बाजूने ढील मिळाली की तो दुसरीकडे सरकतो आणि ताण दोन्ही तारांत वाटून घेतो. बाजू सांगते ती टेप, ताण नव्हे. टेप लावली: काल समान असलेलं माप आज उजवीकडे ६ मिमी जास्त.

आता टर्नबकलला हात लावायचाच नव्हता. केबिनमध्ये उतरून गाद्या काढल्या. उजवी चेनप्लेट, म्हणजे श्राउड जिला अडकतो ती पट्टी, केबिनच्या आडव्या भिंतीला बोल्टनी धरलेली होती. प्लायवूडला डाव्या बाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर टणक आवाज आला, उजवीकडे बद्द. टोक टेकवलं तर १८ मिमीच्या प्लायमध्ये १२ मिमी आत गेलं, ओल्या पावासारखं. १० मिमीच्या बोल्टचं भोक वर-खाली ओढून जवळपास दुप्पट लांब झालं होतं. डेकवर जिथून चेनप्लेट वर येते तिथलं सीलंट सुटलेलं होतं. दोन हजार मिमीहून जास्त पाऊस चार महिने त्या फटीतून प्लायच्या कापलेल्या कडेत मुरला होता. मालक वर आवळत होते आणि खाली भोक लांबत होतं.

अशा वेळी एक बाजू एकदम सोडू नये. दोन्ही हॅलियार्ड काठांच्या कड्यांना बांधून डोलकाठी धरली, मग एकाआड एक दोन-दोन फेरे उतरवले. होडी ओढून किनाऱ्यावर घेतली. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला, नवा मरीन प्लाय बसवून दोन्ही अंगांनी होडीच्या कवचाला इपॉक्सी आणि काचकापडाने जोडला. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि त्यातच पुन्हा १० मिमीची पाडली. पाणी उद्या पुन्हा शिरलं तरी ते लाकडापर्यंत पोचू नये म्हणून. चेनप्लेट डेकच्या जाडीत बसते तिथे तपकिरी डाग होते. सीलंटखाली हवा न मिळता ओल्या राहणाऱ्या स्टेनलेसला तिथेच चिरा पडतात, म्हणून रंगद्रव्य लावून तपासली. चीर निघाली नाही, तरी बोल्ट मात्र सगळे नवे घातले.

पुन्हा ताण दिला तेव्हा दोन्हीकडे आठ-आठ फेरे लागले. चेनप्लेटवर, डेकच्या झाकणपट्टीच्या काठाला लागून, अणकुचीदार सळईने बारीक रेघ ओढून ठेवली. दुसऱ्या सकाळी ३ चा दांडा किंचित घासत शिरला. वायव्येच्या १२ नॉट वाऱ्यात दोन तास दोन्ही बाजूंनी चालवून आल्यावर रेघ पट्टीच्या काठाला होती तशीच होती.