पित्तनलिकेतली सिस्ट: माझा ईआरसीपीचा अनुभव

पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं की पोटदुखी थांबेल, असं सगळेच म्हणत होते. पित्ताशय गेलं, दुखणं राहिलं. जेवण झालं की तासा-दोन तासांनी बेंबीच्या वर कळ यायची आणि तिथून थेट पाठीत शिरायची. उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलं, की जरा सुसह्य व्हायचं. बार्शीत कुणी ॲसिडिटी म्हणालं, कुणी गॅस. एका रात्री उलट्या थांबेनात म्हणून ॲडमिट झाले, तेव्हा रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातून येणारं पाचक द्रव्य, कितीतरी पटींनी वाढलेलं निघालं. स्वादुपिंडाला सूज, म्हणजे पँक्रिअ‍ॅटायटिस.

सलाइनवर सूज उतरली, पण कारण सापडेना. दारूचा प्रश्नच नाही, खडे आता नव्हते, ट्रायग्लिसराइड आणि कॅल्शियम व्यवस्थित. सोनोग्राफीत काही दिसलं नाही. पित्तनलिकेचं, म्हणजे यकृतातून आतड्यात पित्त नेणाऱ्या नळीचं, खालचं टोक आतड्यातल्या गॅसमुळे बऱ्याचदा झाकलं जातं, हे मला पुढे कळलं. मग एमआरसीपी, म्हणजे पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय, करायला सांगितलं. त्याआधी मला अननसाचा रस प्यायला दिला. त्यातल्या मँगनीजमुळे जठर-आतड्यातलं पाणी फोटोत काळं दिसतं आणि पित्तनलिका उठून दिसते, असं तिथल्या टेक्निशियनने समजावलं.

रिपोर्टात ‘कोलेडोकल सिस्ट’, म्हणजे पित्तनलिकेला आलेला फुगवटा, असे शब्द आले. तो वाचून एका सर्जननी लगेच सांगितलं, पित्तनलिका कापून काढायची आणि लहान आतडं यकृताकडच्या नळीला जोडायचं. पोट उघडून, मोठं ऑपरेशन. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पुण्यात एकदा दाखवू, मग ठरवू." त्यांच्या त्या हट्टाचे उपकार मी विसरणार नाही.

पुण्याच्या गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टनी फाईल बघून पहिला प्रश्न विचारला, "टाइप कुठला, ते कुणी सांगितलं का?" कुणीच सांगितलं नव्हतं. मग त्यांनी कागद ओढून चित्र काढलं. तोडानी या जपानी सर्जननी 1977 साली सुधारून मांडलेलं वर्गीकरण अजूनही वापरतात. टाइप एक म्हणजे मुख्य पित्तनलिकाच फुगलेली. सगळ्यात जास्त रुग्ण याच प्रकारचे. दोन म्हणजे नळीच्या बाजूला आलेली पिशवी. चारमध्ये अनेक ठिकाणी फुगवटे, पाचमध्ये यकृताच्या आतल्या नळ्या. आणि तीन म्हणजे कोलेडोकोसील: पित्तनलिका लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, ड्युओडेनममध्ये, जिथे उघडते तिथेच आतल्या बाजूला फुगा. हा फारच क्वचित आढळतो. टाइप एक आणि चारमध्ये पुढे कॅन्सर होण्याचा धोका बराच असतो, म्हणून तिथे ती नळी काढतात. तीनमध्ये हा धोका कमी, अगदी शून्य नाही, आणि बहुतेक वेळा दुर्बिणीतून तोंड मोकळं केलं की भागतं.

मोठ्या ऑपरेशनला हो म्हणण्याआधी हे चित्र प्रत्येक पेशंटला कुणीतरी काढून दाखवायलाच हवं, असं मला कळकळीने वाटतं.

एन्डोस्कोपिक सोनोग्राफीत, म्हणजे दुर्बिणीतून आतून केलेल्या सोनोग्राफीत, टाइप तीनच पक्का झाला आणि ईआरसीपी ठरली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत जायचं आणि तिथेच उपचार करायचे. संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांनी धोके मोकळेपणाने सांगितले: पुन्हा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित आतड्याला भोक. रक्त गोठण्याची तपासणी झाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे प्रत्येक जण येऊन वेगवेगळं विचारत होता. मला ते बरंच वाटलं. रात्रीपासून उपाशी ठेवलं.

खोलीत सगळे जड शिशाचे एप्रन घालून उभे होते, कारण हे सगळं एक्स-रेच्या खाली चालतं. मला पालथं झोपवलं, मान उजवीकडे. घशात कडवट स्प्रे मारला, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी बसवली. सिस्टर म्हणाल्या, "ताई, नाकाने श्वास घ्या, बास." हातातल्या सुईतून औषध गेलं आणि पुढचं काहीच आठवत नाही.

आत काय झालं ते डॉक्टरांनी नंतर फोटोंवर दाखवलं. आतड्याच्या भिंतीवर गुळगुळीत, पिकल्या द्राक्षासारखा टपोरा उंचवटा. नळीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडल्यावर तो आणखी ताठ झाला. मग बारीक तारेला वीजप्रवाह देऊन त्याचं छत कापलं. पुढच्या फोटोत सोनेरी पिवळं पित्त भळभळ वाहताना दिसतं, त्याबरोबर थोडा गाळ. तो गाळ आणि तो फुगा मिळून वाट अडवत होते. स्वादुपिंडाची नळीही तिथेच उघडते, म्हणून सूज. फुग्याच्या आतल्या अस्तराचा तुकडा बायोप्सीला गेला.

जाग आली तेव्हा घसा खवखवत होता आणि पोट गॅसने टम्म होतं. पुन्हा सूज येऊ नये म्हणून गुदद्वारातून औषधाची गोळी दिली होती आणि सलाइन जोरात चालू होतं. संध्याकाळी लायपेज तपासलं. दुसऱ्या दिवशी आधी पाणी, मग भाताची पेज. पाठीत शिरणारी कळ आली नाही. मी तिची वाट बघत होते, पण नाही आली.

घरी पाठवताना सांगितलं: ताप, थंडी, काळी शी किंवा पोटात जोराची कळ, यातलं काहीही झालं तर थांबू नका. कापलेल्या जागेतून रक्तस्राव काही दिवसांनीही होऊ शकतो. बायोप्सीत आतड्याचंच साधं अस्तर आलं, पेशींमध्ये काही वावगं नाही. तरीही मधूनमधून एन्डोस्कोपी करून ती जागा बघायची आहे, आणि ते मी चुकवणार नाही. फाईलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने ‘टाइप 3, कोलेडोकोसील’ असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, म्हणजे पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेले तरी आधी तेच नजरेला पडेल.