सोलापूर ते श्रीहरिकोटा : आदित्य-एल१ उडताना पाहिलं

रॉकेट टीव्हीवर दिसतं, अंगावर येत नाही. म्हणून सूर्याचा अभ्यास करणाऱ्या इस्रोच्या आदित्य-एल१ यानाच्या उड्डाणावेळी आम्ही मित्र थेट श्रीहरिकोट्यालाच गेलो.

उड्डाण बघायच्या गॅलरीची नोंदणी इस्रोच्या संकेतस्थळावर होते. मोफत असते, उड्डाणाच्या काही दिवस आधी उघडते आणि बघता बघता भरते. तारीख जाहीर झाली की डोळ्यांत तेल घालून बसा. मूळ ओळखपत्र सोबत हवं.

मुंबई-चेन्नई गाड्या सोलापूरवरूनच जातात. रेणिगुंट्याला उतरून श्रीकाळहस्ती, नायडूपेटमार्गे बसने श्रीहरिकोट्याजवळचं सुल्लुरुपेटा गाठता येतं. चेन्नईहून लोकलही आहे. आमच्यातला एक जण सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा. बसस्टँडपासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत सगळं त्यानेच निभावलं. सोलापुरात असा मित्र प्रत्येकाला असतोच, त्याला घेऊनच जा. राहायला तिरुपती किंवा चेन्नई सोयीचं. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, शिवाय टोपी आणि भरपूर पाणी. सप्टेंबरातही ऊन भाजून काढतं.

आदित्यला नेणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची कवचं आपल्या शेजारच्या वालचंदनगरला बनत आली आहेत. यानावरची ‘सूट’ (SUIT) नावाची दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची. हे माहीत असलं की उलटी मोजणी ऐकताना जीव जास्तच वरखाली होतो.

२ सप्टेंबर २०२३, सकाळी ११:५०. उड्डाणतळ झाडांआड, त्यामुळे तोवर सगळ्यांचे डोळे पडद्यावर. मग शेंड्यांवर पांढरा धूर उसळला आणि त्यातून डोळे दिपवणारा केशरी झोत वर निघाला. आवाज मात्र नाही! आवाजाला एक किलोमीटर यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात, तोवर रॉकेट बरंच वर गेलेलं असतं. आणि मग तो आला. आधी जमिनीतून घरघर, मग जाड चादर आभाळभर टराटरा फाडत न्यावी तसा कडकडाट. छातीवरचा सदरा थरथरत होता. बाजूच्या आजी हात जोडून उभ्या होत्या, डोळ्यांतून पाणी.

त्या दोन मिनिटांत मोबाईल खिशात ठेवा, व्हिडिओ नंतर हवे तेवढे मिळतात. झोत दिसेनासा झाला की लोक बसकडे पळतात, तुम्ही थांबा. यान रॉकेटपासून सुटायला तासाहून जास्त वेळ लागला, आणि ती घोषणा झाली तेव्हा मागे राहिलेल्यांनी केलेला जल्लोष उड्डाणाइतकाच मोठा होता.

उड्डाणं पुढे ढकलली जातात. परतीचं तिकीट दोन दिवस सोडून काढा, आणि मधल्या वेळात पुलिकत सरोवर बघून घ्या. श्रीहरिकोट्याचा रस्ता त्यातूनच जातो.