एपानेटमधलं निगेटिव्ह प्रेशर

परवा एका वाडीच्या पाणीयोजनेचं मॉडेल एपानेटमध्ये (पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारं सॉफ्टवेअर) रन केलं, टेकडीवरच्या नोडला (पाइपांच्या जोडबिंदूला) प्रेशर उणे 6 मीटर (दाब पाण्याच्या उंचीत मोजतात), आणि डिमांड, म्हणजे तिथली पाण्याची मागणी, मात्र पूर्ण मिळाली म्हणून दाखवतंय! तिथल्या नळाला थेंब येणार नाही हो. एपानेट मुळात डिमांड ठरलेली धरूनच गणित सोडवतं, पाणी पोचो ना पोचो.

2020 च्या 2.2 व्हर्जनमध्ये पीडीए (प्रेशरनुसार किती पाणी मिळेल ते ठरवणारी पद्धत) आलंय, हायड्रॉलिक्स ऑप्शनमध्ये डिमांड मॉडेल बदला, किमान आणि आवश्यक प्रेशर टाका. जुनं व्हर्जन असेल तर नोडची डिमांड शून्य करून पुढे चेक व्हॉल्व्हवाला (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) छोटा पाइप, मग एफसीव्ही (प्रवाहाला कमाल मर्यादा घालणारा व्हॉल्व्ह), शेवटी एमिटर (प्रेशरनुसार पाणी बाहेर सोडणारं तोंड) जोडा. चेक व्हॉल्व्ह विसरलात तर निगेटिव्ह प्रेशरला एमिटरमधून उलट पाणी आत येतं, माझे दोन दिवस यातच गेले.

पण खरी अडचण वेगळीच, आपल्याकडे पाणी दिवसाआड तासभर सुटतं आणि एपानेट पाइप कायम भरलेलाच धरतं. म्हणून भरायचा वेळ मी हाताने काढते: 100 मिमीचा एक किलोमीटर पाइप म्हणजे साधारण 7,850 लिटर, सेकंदाला 2 लिटर सोडलं तर नुसता भरायलाच 65 मिनिटं, म्हणजे शेवटच्या घराचा तास तिथेच संपला.