आमची वाटचाल : भरतीच्या वेळेनुसार

मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांची ने-आण करणाऱ्या एका होडीपासून आमचा व्यवसाय सुरू झाला. होडी वडिलांची होती. मासेमारीवर घर चालेनासे झाल्यावर त्यांनी ती प्रवाशांसाठी काढली. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला पाहून लोक तासाभरात परतत असत, आणि तटाखालच्या पाण्यात प्रवाळ आहे हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही नसे. आम्ही चार मास्क आणि चार नळ्या घेऊन स्नॉर्कलिंग, म्हणजे पाण्यावर तरंगत नळीने श्वास घेत खाली पाहणे, सुरू केले आणि पुढे मी व धाकट्या भावाने स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याचे, रीतसर प्रशिक्षण घेतले.

पहिले दोन हंगाम आम्ही पाहुणे मागतील ती वेळ देत होतो, ही आमची मोठी चूक होती. एका डिसेंबरात पुण्याहून आलेल्या चौदा जणांना जेवणानंतर, दुपारी तीन वाजता पाण्यात उतरवले. ओहोटी लागली होती, खाडीचे गढूळ पाणी बाहेर येत होते, त्यात वायव्येचा वारा वाढलेला. पाण्याखाली स्वतःच्या हाताची बोटे दिसेनात. एका गृहस्थांना सर्दी होती, पण आम्ही ते विचारलेच नव्हते. तीन-चार मीटरवर त्यांचे कान असह्य दुखू लागले आणि त्यांना तसेच वर आणावे लागले. सर्वांचे पैसे आम्ही परत केले. त्या रात्री वडिलांनी पंचांग माझ्यापुढे ठेवले आणि एवढेच म्हणाले, "रापणीची जाळी ओढायला जाताना तिथी बघत होतो, ती आता का बघत नाही?"

तेव्हापासून आमची सहल तिथीवर ठरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते, हे गणित किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला माहीत आहे : दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त आणि गाळ ढवळलेला असतो. अष्टमीनंतरच्या तीन-चार दिवसांत पाणी शांत असते आणि भरती सकाळीच येते, म्हणून ते दिवस आम्हाला सर्वांत प्रिय आहेत. चढत्या भरतीबरोबर बाहेरचे निवळ पाणी आत येते, आणि हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून वाहणारा मतलई वारा समुद्र सपाट ठेवतो. द्वादशीला आम्ही साडेसातला जेटीवर जमतो, नऊच्या आत पाण्यातले काम आटोपतो, त्यानंतर किल्ला पाहायला जातो आणि दुपारचे जेवण परतल्यावरच घेतो. अशा सकाळी प्रवाळाच्या फटीतून डोकावणारा बोटभर मासा होडीतून नळी लावून उतरलेल्या मुलालाही स्पष्ट दिसतो.

आरक्षणाच्या वेळीच आता आम्ही दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया आणि सर्दी यांविषयी विचारतो. पोहता न येणाऱ्यांना प्रशिक्षकासोबत उतरता येते. मात्र श्वास रोखून धरायचा नाही आणि कान दुखण्याआधीच नाक दाबून हवा फुंकायची, हे उथळ पाण्यात जमेपर्यंत कोणालाही खोल नेत नाही. त्याच संध्याकाळी गोव्यातल्या मोपा किंवा इथल्या चिपी विमानतळावरून विमान पकडणाऱ्यांना आम्ही स्कूबा देत नाही, कारण एका डाइव्हनंतरही उड्डाणापूर्वी किमान बारा तास जाऊ द्यावे लागतात. त्यांच्यासाठी स्नॉर्कलिंग आहे. कुडाळहून रेल्वेने परतणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

छायाचित्रात मासे यावेत म्हणून पाण्यात पाव टाकणे आम्ही बंद केले, तेव्हा काही गिऱ्हाईके तुटली. पण पावाला चटावलेले मासे आणि पायाखाली तुटलेले प्रवाळ पाहून मला खरोखर दुःख होत असे. 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या पाण्यावर आमच्या तीन पिढ्या जगल्या आहेत. आमचे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, आता नांगर वाळूतच टाकतात, मग त्यासाठी होडी लांब उभी करावी लागली तरी चालते.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, तेव्हा पुढच्या हंगामाची नोंदवही तयार होते. प्रत्येक तारखेशेजारी तिथी आणि भरतीची वेळ लिहिण्याचे काम पूर्वी वडील करीत असत. यंदा ते माझ्या मुलीने केले आणि उधाणाच्या दिवसांपुढे लाल शाईने "स्कूबा नाही" असे लिहून ठेवले आहे.